अकरा पुस्तकं आणि कोऱ्या रेघा

"पुस्तक वाचताना अंगात बारा हत्तींचं बळ येतं. आठ दिवसांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. लेखक तर एवढं पोटतिडकीनं सांगतो, मग खोट माझ्यातच आहे ना?"

समुपदेशनात हा प्रश्न वरचेवर येतो. इथे तो विचारणारा तिशीतला तरुण चाकणच्या एका कारखान्यात लाइन सुपरवायझर आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). तक्रार एकच: मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. त्यावर उपाय म्हणून वर्षभरात त्यानं अकरा प्रेरणादायी पुस्तकं वाचली होती.

त्यातलं सगळ्यात आवडतं पुस्तक दुसऱ्या भेटीत मागवून घेतलं. पहिल्या प्रकरणात पिवळ्या हायलायटरनं जवळजवळ प्रत्येक पान रंगलेलं. प्रकरणाच्या शेवटी लेखकानं 'तुमची भीती इथे लिहा' म्हणून आठ रेघा सोडलेल्या. त्या कोऱ्या. पुढच्या प्रत्येक प्रकरणाखालच्या रेघाही कोऱ्याच.

खोट इथे होती. रंगवलेलं वाक्य 'पटलं' असं सांगतं, आणि पटल्याचं समाधान केल्याच्या समाधानासारखंच लागतं. मन तेवढ्यावर तृप्त होतं. लेखक उमेद देतो, वाट दाखवतो. पण त्या रेघांवर पेन टेकवायचं काम त्याला करता येत नाही.

दुसरी अडचण लेखकाच्या सल्ल्यातच होती. पहाटे पाचला उठा, असं तो सांगतो. या तरुणाची सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते, घरी पोचायला एक वाजतो. तीन पहाटा तो उठला, चौथ्या दिवशी मशीनवर पेंगला आणि स्वतःला 'आळशी' म्हणून मोकळा झाला. लेखकानं आपल्या दिनक्रमातून नियम काढलेला असतो. वाचकानं नियमाच्या मागचं कारण उचलावं: कोणी हाक मारणार नाही अशी वेळ. ती पहाटेचीच असावी असं काही नाही.

तिसरी गोष्ट 'च' या एका अक्षराची. 'मला बोलता आलंच पाहिजे, नाहीतर मी नालायकच.' १९५५च्या सुमारास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमकी या हट्टावर बोट ठेवते. प्रेरणादायी पुस्तक वाचून हा 'च' वाढला, तर वाचनानं बळ येण्याऐवजी धाकच वाढतो. त्यानं वाक्य बदलून लिहिलं: 'बोलता आलं तर मला आवडेल. अडखळलो तर लाज वाटेल, पण तेवढी लाज मला झेपेल.' हे वाक्य पहिल्यांदा खोटंच वाटतं. वाटू द्यावं.

मग काम ठरलं, मुद्दाम छोटं. डबा बॅगेत भरला की पाच मिनिटं बसायचं आणि कालच्या लाइनवरची एक अडचण चिठ्ठीवर एका वाक्यात लिहायची: कुठलं मशीन, किती वेळ बंद, का. चिठ्ठी युनिफॉर्मच्या खिशात. शिफ्ट सुरू होतानाच्या मीटिंगमध्ये तेवढं एकच वाक्य वाचायचं. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, पण डबा रोज भरला जातो. म्हणून सवय घड्याळाला न बांधता डब्याला बांधली. 'अमुक झालं की तमुक करीन' असा बेत नुसत्या निर्धारापेक्षा जास्त तगतो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९९च्या लेखात दाखवलं आहे.

चौथ्या आठवड्यात तो पडेल चेहऱ्यानं आला. एकवीस दिवसांत सवय लागते असं त्यानं वाचलेलं; बावीस दिवस झाले, अजून आपोआप होत नाही. एकवीस दिवसांचं हे खूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून आलं. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, अशी त्यांची नोंद होती. पुढे 'किमान' गळालं आणि चेहराही गळाला. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २०१०मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवसांचा निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून कॅलेंडरवर चुकलेल्या दिवशी फुली मारायची नाही, चौकोन रिकामा सोडायचा, असं ठरलं.

बारावं पुस्तक कोणतं घेऊ, हे त्यानं विचारलंच. दोन महिने नवं पुस्तक नाही. घ्यायचंच झालं तर आधी चाळून पाहावं: लेखक काही करायला लावतो का, आपला उपाय कुठे चालत नाही हे सांगतो का, आणि डॉक्टरकडे कधी जावं हे लिहितो का. तिसरं बहुतेकांत नसतं. दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर पुस्तकावर विसंबू नये. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवड्यांची वाटही पाहू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही, मराठीतही बोलता येतं.

नवव्या भेटीपर्यंत चिठ्ठ्यांचा गठ्ठा जमला होता. आता तो आठवड्यातून चार-पाच दिवस बोलतो. प्लँट हेड समोर असले की मात्र चिठ्ठी अजून खिशातच राहते. सध्या काम चालू आहे ते त्यावर.