‘महल्लादा दुव-दुव गॅप’ मधला गॅप आणि आपल्या गप्पा

प्रश्न असा आलाय की ‘महल्लादा दुव-दुव गॅप’ ह्या जुन्या उझबेक सिनेमाच्या नावातला गॅप म्हणजे आपल्या गप्पाच का, आणि नावाचं मराठी ‘मोहल्ल्यातल्या अफवा’ केलं तर चालेल का.

पहिल्याचं उत्तर हो. फारसीत गप म्हणजे बोलणं, तिथूनच तो उझबेकमधे गेला आणि आपल्याकडेही आला (‘गप्प बस’ मधल्या गप्पला ह्यात ओढू नका). महल्ला मूळचा अरबी, आणि शेवटचा ‘दा’ म्हणजे आपला ‘त’, महल्लादा म्हणजे सरळ मोहल्ल्यात.

पण अफवा नको. आपल्याकडे हा शब्द आक्रसला, एकतर फावल्या वेळच्या गप्पा नाहीतर गप हाणली म्हणजे थाप मारली. उझबेकमधे तो अजून ऐसपैस आहे. भेटल्यावर ‘निमा गॅप?’ विचारतात, म्हणजे काय विशेष, आणि व्याकरणात वाक्याला पण गॅपच म्हणतात, साधं वाक्य ते ‘सोद्दा गॅप’. सगळ्यात भारी म्हणजे ठरलेल्या माणसांनी पाळीपाळीने एकमेकांकडे जमायचं, जेवायचं, बरेचदा पैसेही काढायचे, त्या बैठकीचं नाव पण गॅप, म्हणजे चक्क भिशी की! खोटेपणाचा वास त्या शब्दाला मुळात नाहीच.

‘दुव’ला आपल्याकडे नेमका शब्द नाही. लाजून चेहरा एकदम लालेलाल झाला तरी दुव, डोळ्यातून घळाघळा पाणी आलं तरी दुव, त्यामुळे दुव-दुव गॅप म्हणजे एकदम घरोघर पसरलेलं बोलणं. बोभाटा जवळ जातो पण त्यात बदनामी येते. सिनेमा १९६० चा, शुहरत अब्बासोव ह्यांचा, जुन्या ताश्कंदमधली वस्ती, बाजूला नवीन इमारती उभ्या राहतायत, आया मुलांची लग्नं आपल्या मनासारखी जुळवू बघतायत आणि पोरांनी आपापलं ठरवलेलं. रशियन नाव पण ‘सगळा मोहल्ला ह्याबद्दल बोलतोय’ अशाच अर्थाचं आहे.

म्हणून मी ‘मोहल्लाभर तोच विषय’ म्हणेन. आपल्याकडे मोहल्ला म्हटलं की बहुतेकांना मुसलमान वस्तीच डोळ्यासमोर येते, ताश्कंदमधे मात्र कुठलीही वस्ती महल्लाच, जिथे शेजारी एकमेकांच्या लग्नकार्यात हक्काने राबतात. तरी दोन्हीकडे शब्द एकच आहे तर तो काढून आळी कशाला घालायची?