वाचकांचे प्रश्न : जुन्या साप्ताहिकांतली लग्नं आणि मृत्यू

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत खेड्यापाड्यांतली साप्ताहिकं ‘मॅरिड’ आणि ‘डाइड’ या दोन मथळ्यांखाली तीन-चार ओळींच्या नोंदी छापत. त्यांच्या आधारे वंशावळी आणि गावांचे इतिहास जुळवणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ४ मार्च १८४१च्या अंकात एका लग्नाची तारीख ‘२ इन्स्ट., मंगळवार’ अशी आहे. चर्चच्या वहीत तेच लग्न २ फेब्रुवारीला लागलेलं दिसतं. खरं कोणाचं मानायचं?

बहुधा चर्चच्या वहीचं. ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ म्हणजे मागचा आणि ‘प्रॉक्स.’ म्हणजे पुढचा. पण यातला ‘चालू’ महिना नोंद पहिल्यांदा ज्या अंकात छापली त्याचा असतो. तुमच्या हातातला अंक तो पहिला अंक आहे का, हे आधी पाहायला हवं.

१७९२च्या टपाल कायद्याने छापखानेवाल्यांना एकमेकांचे अंक टपालखर्चाशिवाय पाठवायची मुभा दिली होती. त्यामुळे प्रत्येक संपादकाच्या टेबलावर शेजारपाजारच्या वर्तमानपत्रांचा ढीग असे. त्यातल्या नोंदी उचलायच्या आणि जुळाऱ्याकडे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याकडे, द्यायच्या, असा शिरस्ता होता. उचलताना ‘इन्स्ट.’चं ‘अल्ट.’ करायचं राहून गेलं, की तारीख बरोब्बर एक महिन्याने पुढे सरकते. फेब्रुवारीतल्या अंकात नीट छापलेली ‘२ इन्स्ट.’ मार्चच्या अंकात तशीच उतरली, तर वाचणाऱ्याला ती २ मार्च वाटणारच.

एरवी अशी चूक वारावरून पकडता येते. नोंदीत वार दिलेला असला, तर दोन्ही महिन्यांतली ती तारीख कोणत्या वारी येते ते पाहायचं. तुमच्या उदाहरणात मात्र हा उपाय चालत नाही. लीप वर्ष नसेल तर फेब्रुवारीचे दिवस २८, म्हणजे नेमके चार आठवडे. त्यामुळे २ फेब्रुवारी १८४१ मंगळवार आणि २ मार्चही मंगळवारच! इथे एकच मार्ग उरतो. लग्न ज्या गावात लागलं त्याच्या जवळचं पत्र शोधायचं आणि त्याचे आधीचे चार-पाच अंक चाळायचे. लग्न बहुतेक वेळा वधूच्या वडिलांच्या घरी लागे, म्हणून वराच्या नव्हे, वधूच्या काउंटीतल्या पत्रापासून सुरुवात करा.

‘गेल्या गुरुवारी संध्याकाळी’ अशा नोंदीतही हाच धोका आहे. मूळ अंकातला गुरुवार उचललेल्या अंकात आठवडा-दोन आठवड्यांनी पुढे जातो. मात्र नोंदीखाली संपादकाने केकच्या तुकड्याबद्दल आभार मानले असतील, तर निश्चिंत राहा. तो केक घरच्या लोकांनी नोंदीसोबत पाठवलेला, म्हणजे नोंद मुळातली.

प्रश्न : ‘वयाच्या ४५व्या वर्षात’ म्हणजे वय ४५ धरायचं ना?

नाही, ४४ पूर्ण. पंचेचाळिसावं वर्ष चालू होतं एवढाच त्याचा अर्थ. छापील सूच्यांमध्ये ही चूक इतकी आहे, की जन्मसाल एका वर्षाने चुकलेलं दिसलं तर आधी हेच तपासावं.

वर्षं, महिने, दिवस असं पूर्ण वय दिलं असेल तर जन्मतारीख काढता येते. पण वजाबाकीचा क्रम बदलला की उत्तरही बदलतं. समजा मृत्यू १२ मार्च १८५२, वय ४७ वर्षं ५ महिने २० दिवस. आधी वर्षं, मग महिने, शेवटी दिवस वजा केले तर २२ सप्टेंबर १८०४ येते. दिवसांपासून सुरुवात केली तर २१ सप्टेंबर, कारण तेव्हा दिवस फेब्रुवारीतून वजा होतात. नोंद लिहून देणाऱ्याने कोणता क्रम धरला होता ते कळायला मार्ग नाही. म्हणून अशा तारखेमागे ‘सुमारे’ लिहावं आणि वय कसं दिलं होतं तेही शेजारी टिपून ठेवावं. थडग्यावरच्या वयालाही हेच लागू.

प्रश्न : स्त्रियांच्या नोंदींत ‘कॉन्सॉर्ट’ आणि ‘रेलिक्ट’ असे शब्द येतात. दोन्ही पत्नीच ना?

पत्नीच, पण फरक मोठा आहे. ‘कॉन्सॉर्ट’ म्हणजे तिच्या मृत्यूच्या वेळी नवरा हयात होता. ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. या एका शब्दावरून नवऱ्याचा मृत्यू आधी शोधायचा की नंतर, हे ठरतं.

लग्नाच्या नोंदीत वधूच्या नावाआधी ‘मिसेस’ असेल तर थांबा. ती बहुधा पुनर्विवाह करणारी विधवा असते आणि तिथलं आडनाव पहिल्या नवऱ्याचं असतं. ते माहेरचं समजून वंशावळ मागे नेली, की भलत्याच घराण्यात जाऊन पोचाल. पुरुषांच्या नावापुढचे ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ही बाप-लेकच असतील असं नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरला आणि धाकटा ओळखू यावा म्हणूनही ते लावत.

लग्न कोणी लावलं तेही वाचा. नावाआधी ‘रेव्हरंड’ असेल तर तो पाद्री; त्याच्या पंथाच्या चर्चची वही शोधावी. नावामागे ‘एस्क्वायर’ असेल तर तो बहुधा जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक न्यायाधिकारी. मग चर्च धुंडाळण्यात अर्थ नाही, गावाच्या किंवा काउंटीच्या दप्तरात पाहावं.

प्रश्न : मृत्यूचं साल नक्की माहीत आहे, अंकही उपलब्ध आहेत, तरी नोंद सापडत नाही. असं का?

पहिलं कारण अगदी साधं : सगळ्यांची नोंद छापली जातच नसे. शतकाच्या पूर्वार्धात तान्ही मुलं, मजूर आणि गावात नवे आलेले लोक बहुतेक वेळा सुटलेले दिसतात. शेवटच्या तीसेक वर्षांत गावोगावचे बातमीदार सदरं लिहू लागले तेव्हा चित्र बदललं. पण तिथे मृत्यूची बातमी ‘डाइड’ या मथळ्याखाली नसून पिकापाण्याच्या आणि पाहुण्यारावळ्यांच्या ओळींमध्ये दडलेली असते. ती सदरं ओळन् ओळ वाचावी लागतात.

दुसरं असं, की १८६१पासून विस्कॉन्सिनमध्ये आणि पुढे इतरत्रही अनेक छोट्या पत्रांनी एका बाजूने छापून आलेले तयार कागद घ्यायला सुरुवात केली. चार पानांपैकी दोन पानांवर बाहेरचा मजकूर, उरलेल्या दोनांवर गावचा. कोणती दोन पानं गावची आहेत हे एका अंकावरून ओळखलं, की पुढचं चाळणं निम्म्यावर येतं.

तरीही नाही सापडलं, तर कायदेशीर जाहिराती पाहा. मृताच्या मालमत्तेचा व्यवस्थापक धनको-ऋणकोंना बोलावणारी सूचना देई आणि ती ओळीने अनेक आठवडे छापली जाई. एखाद-दुसरा अंक गहाळ असला तरी ती हाती लागते. आणि दूरच्या एखाद्या पत्रात नोंद मिळालीच, तर तिची शेवटची ओळ सोडू नका. ‘ओहायो पेपर्स प्लीज कॉपी’ (ओहायोच्या पत्रांनी ही नोंद उचलावी) असं असेल तर त्या माणसाचे नातेवाईक किंवा जुनी ओळखपाळख ओहायोत होती.

प्रश्न : संगणकावर नाव शोधलं तर काहीच येत नाही.

आडनाव सोडून द्या. झिजलेले खिळे आणि पुसट मायक्रोफिल्म यांमुळे यंत्र अक्षरं चुकीची वाचतं, शिवाय अरुंद रकान्यात नाव दोन ओळींत तुटतं. पाद्र्याचं नाव, गावाचं नाव किंवा ‘रेलिक्ट’सारखा शब्द टाकून वर्ष मर्यादित करा. तेही जमलं नाही तर पान डोळ्यांनीच वाचायचं; चार पानी साप्ताहिकाचं वर्ष म्हणजे जेमतेम २०८ पानं.

प्रश्न : ‘ड्रॉप्सी’, ‘बिलियस फीव्हर’ यांची आजची नावं द्याल का?

सरसकट देणं चुकीचं ठरेल. ‘कन्झम्प्शन’ म्हणजे क्षय, हे बहुतेक वेळा बरोबर येतं. ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगावरची सूज. ते लक्षण आहे, मूळ दुखणं हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं असू शकतं. ‘बिलियस फीव्हर’ पुष्कळदा हिवताप असे, पण तो शब्द फार सैलपणे वापरत. ‘मिल्क सिकनेस’ मात्र नेमका आहे : पांढऱ्या स्नेकरूटचं झुडूप खाल्लेल्या गाईच्या दुधातून होणारी विषबाधा. लिंकन यांच्या आईचा १८१८मधला मृत्यू यानेच झाल्याचं मानतात. टिपण करताना मूळ शब्द तसाच ठेवा आणि आपला अंदाज वेगळा लिहा.

प्रश्न : सरकारी दाखला असताना या नोंदींची गरज काय?

दाखला असेल तर प्रश्नच नाही. पण मॅसॅच्युसेट्सने राज्यभरची नोंदणी १८४१च्या सुमारास सुरू केली, न्यूयॉर्कने १८८०च्या सुमारास, तर पेनसिल्व्हेनियाने १९०६मध्ये. मृत्युनोंदणीच्या संघराज्य क्षेत्रात, म्हणजे ज्यांच्या नोंदी केंद्र सरकार आपल्या आकडेवारीसाठी घेई त्या राज्यांच्या यादीत, सगळी राज्यं यायला १९३३ उजाडलं. पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या १८५०मधल्या मृत्यूसाठी थडगं, चर्चची वही, मालमत्तेचे कागद आणि साप्ताहिकातल्या या तीन ओळी एवढाच काय तो ऐवज.