हौदा आखडला, केबिन वाढली

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमची मुलगी व जावई अमेरिकेत, टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतात. यंदा त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांच्या गल्लीत निम्म्या घरांपुढे भल्यामोठ्या पिकअप उभ्या असतात. शेजारचे गृहस्थ बँकेत नोकरी करतात आणि पिकअपनेच कामावर जातात. त्यांच्या गाडीच्या हौद्याला एक ओरखडाही दिसला नाही. आपल्याकडे पिकअप म्हणजे टोमॅटोचे क्रेट वाहणारी गाडी. कामाची गाडी तिथे घरची गाडी कशी झाली? लोकांची आवड बदलली, की कारण काही वेगळेच आहे?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : आवड बदलली हे खरे, पण ती आपोआप बदललेली नाही. अमेरिकेतील कायद्यांनी पिकअपला शेतकऱ्याचे आणि कारागिराचे अवजार मानून वेळोवेळी सवलती दिल्या, आणि ही गाडी केवळ अवजार राहिली नाही तेव्हाही त्या सवलती बऱ्याच अंशी तशाच चालू राहिल्या. आमच्या मते या स्थित्यंतराचे मुख्य कारण हे आहे. हौस, रुबाब आणि जाहिराती यांचा क्रम त्यानंतर लागतो.

प्रारंभी पिकअप नावाची वेगळी गाडी कारखान्यातून फारशी येतच नसे. शेतकरी मोटारीची चासी, म्हणजे इंजिन-चाकांसह खालचा सांगाडा, विकत घेई आणि गावातला सुतार किंवा गाड्या बांधणारा कारागीर तिच्यावर लाकडी पेटी बसवून देई. एप्रिल १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरना विकायला काढली. तो हौदा साडेचार फुटांहून किंचितच लांब होता. आजच्या अनेक पिकअपचा हौदाही साडेपाच फुटांचाच असतो, पण त्याच्यापुढे बसलेली केबिन पाहिली तर ही दोन्ही वाहने एकाच जातीची आहेत यावर विश्वास बसणे कठीण जाते.

घरच्या वापराची इच्छा मात्र फार जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने १९३२ मध्ये फोर्डला पत्र पाठवून, रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी एकच गाडी मागितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तिथल्या ल्यू बँट या तरुण अभियंत्याने तशी गाडी घडवली आणि १९३४ मध्ये ती बाजारात आली. अमेरिकेत ही इच्छा दुसऱ्या महायुद्धानंतर दिसू लागली. त्या काळच्या पिकअपमध्ये रबरी फरशी, तिघांना बसता येईल असे एकच सलग बाकडे आणि पत्र्याची उघडी अंतर्बाजू एवढाच सरंजाम असे. १९५५ मध्ये शेव्हरोलेने ‘कॅमिओ कॅरियर’ हे मॉडेल आणले. त्याच्या हौद्याच्या बाजू फायबरग्लासचे पत्रे लावून केबिनच्या रेषेत गुळगुळीत केलेल्या होत्या, क्रोमची झळाळी होती आणि आतली बैठकही मोटारीसारखी सजवलेली होती. ती महाग असल्याने फार खपली नाही व १९५८ मध्ये बंद झाली, पण पिकअप देखणी असू शकते हे ग्राहकांच्या मनात तिने रुजवले. पुढे १९६० च्या दशकात हौद्यावर छोटे घरकुल चढवून कुटुंबासह सहलीला जाण्याची टूम निघाली आणि कंपन्यांनी त्यासाठी खास मॉडेलेही काढली.

येथवर हा हौशी लोकांचा मामला होता. यानंतर कायद्याचा भाग सुरू होतो, आणि तो चक्क कोंबडीपासून सुरू होतो. अमेरिकेतील स्वस्त कोंबडीचा पश्चिम जर्मनीच्या बाजारात पूर आल्यामुळे युरोपीय आर्थिक समुदायाने १९६२ मध्ये तिच्यावरील आयात शुल्क वाढवले. त्याला उत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक (पिकअप याच वर्गात मोडते) यांच्यावर २५ टक्के शुल्क लावले. ट्रकचा समावेश झाला तो जर्मन फोक्सवॅगनला डोळ्यांसमोर ठेवून. बाकीच्या वस्तूंवरचे ते शुल्क पुढे उठले. ट्रकवरचे मात्र सहा दशकांनंतरही टिकून आहे. मोटारींवरचे शुल्क बराच काळ अवघे अडीच टक्के होते, हे लक्षात घेतले म्हणजे या भिंतीची उंची कळते. ती ओलांडण्यासाठी नाना युक्त्या झाल्या. जपानच्या सुबारूने ‘ब्रॅट’ या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यातच प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या पक्क्या बसवल्या आणि हा मालवाहू ट्रक नसून प्रवासी गाडी आहे असे कागदोपत्री सिद्ध केले. (रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातील शेतावर अशी एक ब्रॅट होती.) एकंदर परिणाम असा झाला की, मोटारींच्या बाजारात जपानी कंपन्या अमेरिकी कंपन्यांना घाम फोडत असताना मोठ्या पिकअपचे अंगण मात्र देशी कंपन्यांसाठी जवळपास मोकळे राहिले.

दुसरा टप्पा प्रदूषणाचा आणि इंधनाचा. १९७५ च्या मॉडेलांपासून मोटारींना व हलक्या ट्रकना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल लागू लागले, पण मालासह ज्यांचे कमाल वजन ६,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे २,७२० किलोंहून, अधिक धरले आहे असे ट्रक यातून वगळलेले होते. फोर्डने त्याच वर्षी ही रेषा जेमतेम ओलांडणारे नवे मॉडेल आणले. त्याचे नाव एफ-१५०. आज अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या वाहनमालिकेचा कणा असलेली ही गाडी एका सवलतीच्या कडेवर बेतून जन्मली होती, हे आम्हांला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण वाटते.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ मध्ये, अमेरिकी संसदेने कंपन्यांच्या सरासरी इंधनकार्यक्षमतेचा कायदा केला. त्यात मोटारींसाठी एक पट्टी आणि हलक्या ट्रकसाठी दुसरी, सैल पट्टी ठेवली गेली, कारण ट्रक म्हणजे शेतीची आणि धंद्याची गाडी अशी त्या वेळची समजूत होती आणि ती तेव्हा बऱ्याच अंशी खरीही होती. १९९६ ते २००४ या काळात मोटारींना गॅलनमागे साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरमागे साधारण पावणेबारा किलोमीटर, ही सरासरी गाठावी लागे. हलक्या ट्रकना लिटरमागे पावणेनऊ किलोमीटर पुरत. शिवाय पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर १९७८ च्या कायद्याने बसवलेला विशेष कर मोटारींपुरताच होता, ट्रकना नव्हता. ऐसपैस सेडान आणि मागे भरपूर सामान मावणाऱ्या स्टेशन वॅगन या कायद्याच्या कात्रीत सापडून आक्रसल्या किंवा नाहीशा झाल्या. ज्या कुटुंबाला मोठी गाडीच हवी होती, त्याच्यापुढे दुकानात जे उरले ते ट्रकच्या वर्गातले होते : एक एसयूव्ही आणि दुसरी पिकअप.

कंपन्यांच्या दृष्टीने ही पर्वणीच होती. शिडीसारखी साधी चासी, वर्षानुवर्षे तेच इंजिन, परकी स्पर्धा नाही आणि ग्राहक जास्त पैसे मोजायला तयार. त्यामुळे एका छोट्या मोटारीपेक्षा एका पिकअपवर सुटणारा नफा कितीतरी मोठा असे. मग केबिन वाढत गेली. डॉजने १९७३ च्या मॉडेलात आणि फोर्डने १९७४ मध्ये पुढच्या बाकड्यामागे थोडी जागा काढली. ती मुलांना कशीबशी बसता येण्याइतकी होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मागच्या बाजूला दारे आली आणि २००१ च्या एफ-१५० मध्ये चार पूर्ण दारांची केबिन मिळू लागली. दार उघडून मागच्या सीटवर लहान मुलाची सुरक्षा-खुर्ची बसवता येणे, ही साधी सोय पिकअपला घरात घेऊन आली असे म्हणता येईल. त्यानंतर चामड्याच्या गाद्या, थंड-गरम होणारी आसने आणि मोठाले टचस्क्रीन आले, आणि काही पिकअपच्या किमती ७०,००० डॉलरच्या पुढे गेल्या.

गाडीची एकूण लांबी बेसुमार वाढवता येत नाही, कारण घराच्या गॅरेजला मर्यादा आहे. म्हणून केबिनला दिलेली जागा हौद्यातून वजा झाली. याची परीक्षा सोपी आहे. प्लायवूडची आठ बाय चारची शीट जुन्या पूर्ण लांबीच्या हौद्यात, दोन चाकांच्या उंचवट्यांच्या मधून, सपाट झोपत असे आणि मागचा फाळका बंद होत असे. साडेपाच फुटी हौद्यात तीच शीट घातली तर फाळका उघडा टाकावा लागतो आणि तरीही तिचे टोक बाहेर डोकावते. म्हणजे सुताराच्या सर्वांत साध्या कामाला ही गाडी आता अपुरी पडते. गंमत अशी की, व्यवसायासाठी घेतलेल्या अवजड वाहनांवर करसवलत देणाऱ्या तरतुदीत २००४ मध्ये एसयूव्हींवर २५,००० डॉलरची मर्यादा घालताना संसदेने किमान सहा फुटी हौद्याच्या पिकअपना त्यातून वगळले. कायद्याने एकदा तरी हौद्याला टेप लावून पाहिली म्हणायची!

आपण पाहिलेल्या शेजाऱ्यांसारखे लोक पुष्कळ आहेत. स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेच्या ग्राहकपाहणीत सुमारे एक-तृतीयांश पिकअपमालकांनी, आपण वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा हौद्यात सामान भरतो, असे सांगितले होते. तरीही सगळे मालक दिखाऊ ठरत नाहीत. पशुपालक, नळकारागीर, घोड्यांचा किंवा बोटीचा ट्रेलर ओढणारे यांना पर्यायी वाहन नाही. आणि ज्याला आठवडाभर बांधकामावर जाऊन रविवारी मुलांना फिरवायचे आहे, त्याला चार दारांच्या एका पिकअपमध्ये दोन गाड्यांचा खर्च वाचतो.

प्रश्न : माझ्या नातवाच्या शाळेबाहेर, न्यू जर्सीत, या गाड्यांसमोरून रस्ता ओलांडताना मला भीती वाटते. बॉनेट माझ्या छातीपर्यंत येते. ही भीती रास्त आहे की केवळ सवय नसल्यामुळे?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : भीती रास्त आहे. मोटारीचे बॉनेट बुटके आणि उतरते असले, तर धडक पायांना बसते आणि माणूस बॉनेटवर पडतो. ते उंच आणि भिंतीसारखे उभे असले, तर मार छातीला किंवा डोक्याला बसतो आणि माणूस पुढे, चाकांच्या वाटेत फेकला जातो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठी काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये सुमारे १८,००० पादचारी अपघातांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांच्या धडकेत मृत्यूची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. त्यातच अशा बॉनेटपुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसतच नाही.

अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी वाहनांच्या धडकेत मरण पावले आणि २०२२ मध्ये हा आकडा ७,५०० च्या वर गेला. याचा सगळा दोष गाड्यांच्या आकारावर टाकणे योग्य होणार नाही. अंधार, रुंद व वेगवान रस्ते आणि चालकाचे फोनकडे लागलेले लक्ष हीही कारणे आहेत. युरोपात पादचाऱ्यांच्या डोक्याला होणारी इजा गाडी मंजूर करतानाच तपासली जाते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने तशा नियमाचा प्रस्ताव मांडला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. आपण नातवाचा हात धरून थेट गाडीच्या तोंडासमोरून न जाता चार-पाच पावले पुढून जावे, आणि शक्यतो चालकाची व आपली नजरानजर झाल्यावरच रस्ता ओलांडावा.

प्रश्न : इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स आता आपल्याकडेही दिसतात. महाराष्ट्रातही पिकअप घरची गाडी होईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नजीकच्या काळात तसे दिसत नाही. टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल आणली तेव्हापासून आपल्याकडे पिकअप हे मालाचे वाहन आहे, आणि २००५ च्या टाटा एसने, म्हणजे आपल्या ‘छोटा हत्ती’ने, ती ओळख गल्लीबोळापर्यंत नेली. पिवळ्या पाटीची गाडी लग्नाच्या दारात उभी करायला आपल्याला अजून संकोच वाटतो. पांढऱ्या पाटीवर खासगी नोंदणी होणाऱ्या पिकअप आहेत, पण २०२२ मध्ये आलेल्या हायलक्सची सुरुवातीची किंमतच ३३ लाख ९९ हजार रुपये होती आणि तिची लांबी सव्वापाच मीटरहून अधिक आहे. त्या पैशांत सात जणांची बंद गाडी मिळते. पावसाळ्यात उघड्या हौद्याचा उपयोग काय, हा घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो चुकीचा नाही.

मात्र कायद्याच्या पट्टीने गाडीचा आकार ठरतो, हा अनुभव आपल्यालाही आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनांच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क कमी झाले आणि लवकरच डिकी छाटलेल्या सेडान रस्त्यावर आल्या : २००८ ची इंडिगो सीएस, २०१२ ची नवी डिझायर. अमेरिकेत सवलतीने गाड्या फुगल्या, आपल्याकडे त्या आखूड झाल्या. हौसेखातर पिकअप घेण्याचा आपला विचार असेल, तर आधी नोंदणी खासगी होते की मालवाहू म्हणून होते ते प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारावे, आणि सोसायटीतल्या आपल्या पार्किंगची लांबी मोजून घ्यावी.