‘फायरस्क्रीन’ला पडदा म्हणावं का?

एका भाषांतरकार बाईंचा प्रश्न आहे. इंग्रजी कादंबरीत जुन्या दिवाणखान्याचं वर्णन आहे आणि त्यात ‘अँटिक फायरस्क्रीन’ (शेकोटीपुढे उभी करायची चौकट) व त्याचं ‘एम्ब्रॉयडर्ड पॅनल’ येतं. त्यांनी ‘भरतकाम केलेला प्राचीन अग्निरोधक पडदा’ असं लिहिलं. संपादक म्हणाले, हे अग्निशमन दलाचं सामान वाटतंय. मग काय लिहावं?

संपादकांचं बरोबर आहे. तुमच्या शब्दांतलं ‘भरतकाम’ तेवढं टिकेल.

‘प्राचीन’ आधी काढा. दीडदोनशे वर्षांच्या लाकडी सामानाला प्राचीन म्हटलं तर वेरूळच्या लेण्यांना काय म्हणणार? ‘जुना’ किंवा ‘जुन्या काळचा’ पुरे. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर सरळ ‘अँटिक’ म्हणतात, आणि संवादात तेही खपेल.

‘अग्निरोधक’ म्हणजे जे सहजी पेटत नाही, आग पसरू देत नाही. इथे तर लाकडी चौकटीत लोकरीचं नाहीतर रेशमाचं भरतकाम बसवलेलं. ठिणगी उडाली तर पहिलं तेच खराब व्हायचं! आग रोखणं हे त्याचं काम नव्हतंच. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडातली मोठी खोली डोळ्यांपुढे आणा. भिंतीतल्या शेकोटीत कोळसा रसरसतोय. जवळ बसावं तर तोंड भाजतं, लांब बसावं तर अंग गारठतं. म्हणून जवळच बसायचं आणि मध्ये हे उभं करायचं.

अडवायचं काय, याला मराठीत नेमका शब्द आहे: धग. आच भांड्याखाली असते, तिला मंद किंवा मोठी करता येतं. झळ वाऱ्यासारखी अंगावर येते, म्हणून उन्हाच्या झळा. ऊब हवीहवीशी. आणि होळीच्या फार जवळ गेल्यावर आपसूक दोन पावलं मागे सरायला लावते ती धग. ऊब राहू दे, धग नको, एवढंच या वस्तूचं काम.

आता ‘पडदा’. पडदा लोंबतो, हलतो, सरकवता येतो. ही वस्तू बहुतेक वेळा पायांवर उभी असते. एका प्रकारात तिवईसारख्या तीन पायांवर उभी दांडी असते आणि तिच्यावर वहीएवढी किंवा थोडी मोठी चौकट वरखाली सरकते. बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर आणली की स्क्रू आवळायचा. दुसरा प्रकार रुंद, दोन्ही बाजूंना पाय असलेला. त्याला ‘शेव्हल स्क्रीन’ म्हणतात. शेव्हल म्हणजे फ्रेंचमध्ये घोडा. आपण तरी काय वेगळं करतो? रंगाऱ्याचा घोडा, कपडे वाळत घालायची घोडी, तंबोऱ्याची घोडी. काहीतरी पेलून उभं राहिलं की झालं त्याचं जनावर.

मी ‘आडोसा’ सुचवेन. ‘ताटी’ही मनात आली होती, पण ताटीचे अभंग आठवले. तिथली ताटी बंद करायची आणि उघडायची, म्हणजे ती दाराच्या कुळातली. आडोसा म्हणजे नुसती जागा, असा आक्षेप येईल, कारण पावसात आपण आडोशाला उभे राहतो. पण ‘तट्ट्यांचा आडोसा केला’ असंही म्हणतोच, तेव्हा वस्तूलाही तो शब्द चालतो. ‘धगरोधक’ वगैरे जोडशब्द मात्र नकोत. बोलताना ते कुणाच्या तोंडी यायचे नाहीत.

या प्रश्नातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आपण दिवसभर ‘स्क्रीन’ म्हणतो, स्क्रीनशॉट काढतो, मुलांच्या स्क्रीन टाइमवरून भांडतो. तो शब्द इंग्रजीत आला तोच मुळी शेकोटीपुढच्या आडोशासाठी, जुन्या फ्रेंचमधून, चौदाव्या शतकाच्या सुमारास. जादूच्या कंदिलाची चित्रं ज्या पृष्ठभागावर पाडत त्याला ‘स्क्रीन’ म्हणू लागले ते एकोणिसाव्या शतकात, मग सिनेमा, मग टीव्ही. आणि आपल्याकडे टीव्ही आला तेव्हा कित्येक घरांत त्या स्क्रीनवर भरतकामाचं कव्हर पडलं. धग नव्हती, धूळ होती!

भरतकामाविषयीही थोडं. पुढे कादंबरीत ‘बर्लिन वर्क’ आलं तर बर्लिन शहरातलं काम असं समजू नका. नमुने बर्लिनमध्ये छापलेले असत, चौकटीच्या कागदावर, हाताने रंगवून. एक चौकट म्हणजे एक टाका. ते बघून इंग्लंडातल्या बायका जाळीदार कापडावर लोकरीने गुलाब, पोपट, कुत्री भरत. आपल्याकडे मॅटीवर फुल्या मोजत पोपट भरायचे आणि काचेत बसवून भिंतीला लावायचे, त्याच जातीचं काम. त्यात ‘टेंट स्टिच’ भेटला तर ‘तंबू टाका’ करू नका. तो अर्ध्या फुलीसारखा छोटा तिरका टाका. ‘तिरका टाका’च म्हणा. अशी जुनी चौकट उलटी करून पाहिली तर मागच्या बाजूला उजेड न लागलेली लोकर अजून गडद असते आणि पुढचा गुलाब विटून चहाच्या रंगाचा झालेला असतो. ‘पॅनल’ला वेगळा शब्द शोधूच नका, ‘चौकटीतलं भरतकाम’ म्हटलं की काम भागतं.

तेव्हा वाक्य असं होईल: ‘शेकोटीपुढे जुन्या काळचा एक आडोसा उभा होता, चौकटीत भरतकाम बसवलेला.’

फक्त प्रसंग कोणत्या ऋतूतला आहे ते बघा. उन्हाळ्यात शेकोटी पेटत नसे, तेव्हा हाच आडोसा तिचं काळं, रिकामं तोंड झाकायला पुढे ठेवत. तसं असेल तर पुढच्या ओळीत धग येता कामा नये.