१३ वर्षांच्या मुलाला निवासी लॅक्रॉस कॅम्पला पाठवावं का?

तुमच्या मुलाने गेल्या वर्षीच लॅक्रॉस (टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) सुरू केलंय आणि विद्यापीठातल्या ओव्हरनाइट कॅम्पला पाठवलं तर कोचच्या नजरेत भरेल का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहतो, इथे २००४ पासून लॅक्रॉस हा राज्याचा अधिकृत सांघिक खेळ आहे. आमच्या चिरंजीवांनी असे कॅम्प केलेत, म्हणून लिहितो.

जरूर पाठवा, पण कोचच्या नजरेत भरण्यासाठी नको. २०१७ साली नियम बदलला. आता अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरच्या आधी डिव्हिजन वनच्या (म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या) कोचला मुलाशी कॉलेज संघातल्या भरतीबद्दल बोलताच येत नाही. त्याआधी आठवी-नववीतली पोरं कॉलेजला शब्द देऊन मोकळी व्हायची! शिवाय हे कॅम्प वय, इयत्ता, मुलगा की मुलगी आणि जागा एवढ्याच अटींवर सर्वांना खुले ठेवावे लागतात. ‘तुमच्या मुलाची निवड झाली आहे’ छाप ईमेल आलं असेल तर हुरळून जाऊ नका.

मग मिळतं काय? चेंडू भरपूर वेळा स्टिकमध्ये येतो. शाळेच्या सरावात मुलगा उजव्या हातावर निभावून नेतो. इथे डाव्या हाताने पास, डाव्या हाताने शॉट, जमिनीवरचा चेंडू वाकून उचलणं, हे तासन्‌तास चालतं. मुलगा गोली (गोलरक्षक) असेल तर गोलींसाठी वेगळा कोच आहे का, हे आधी विचारा. नसेल तर तो बिचारा दिवसभर नुसता मारा झेलत बसेल. आणि संध्याकाळी डॉर्ममध्ये (विद्यापीठाच्या वसतिगृहात) जे चालतं ते वेगळंच. स्टिकची जाळी विणायला आमच्याकडच्याला तिथल्याच एका मोठ्या मुलाने शिकवलं. आता गल्लीतली पोरं तुटक्या जाळ्या घेऊन आमच्या पोर्चवर येऊन बसतात.

सामानात एका गोष्टीवर काटकसर करू नका: शोल्डर पॅड. त्यावर ‘नॉकसी एनडी-२००’ (NOCSAE ND200, खेळाच्या साहित्याचं अमेरिकन सुरक्षा-मानक) असा शिक्का हवा. घट्ट रबरी चेंडू हृदयाच्या ठोक्याच्या नेमक्या घातक क्षणी छातीवर आदळला तर हृदयाची लय बिघडून ते बंद पडू शकतं. कोवळ्या वयात छातीचा पिंजरा लवचीक असतो, म्हणून मुलांना धोका जास्त. शालेय आणि कॉलेज सामन्यांत मैदानी खेळाडूंना (म्हणजे गोली सोडून बाकीच्यांना) हे पॅड २०२२ पासून सक्तीचं आहे. भावाकडून आलेलं जुनं पॅड असेल तर शिक्का स्वतः बघा. मैदानाजवळ एईडी यंत्र (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं) आणि दुखापती बघणारा ट्रेनर असतो का, तेही फोन करून विचारा; त्यात संकोच कसला?

बाकी: जास्तीची स्टिक, दोन माउथगार्ड, टेबलफॅन (जुन्या डॉर्मना एसी नसतो, आणि इथला जुलै मुंबईच्या मे महिन्याशी स्पर्धा करतो), ८० इंची गादीला पुरेल अशी चादर. शाकाहारी असल्याचं फॉर्मवर लिहा. पास्ता, पिझ्झा, सॅलड, सीरियल यांवर चार दिवस निघतात. लाडू-चिवड्याचा डबा द्या, पण शेंगदाणे टाळून, खोलीतल्या दुसऱ्याला ॲलर्जी असू शकते.

डॉक्टरांच्या तपासणीचा फॉर्म मात्र आत्ताच भरून घ्या. जूनमध्ये बालरोगतज्ज्ञांची वेळ मिळणं मुश्कील होतं, आणि तो फॉर्म नसेल तर मुलाला मैदानात उतरू देत नाहीत.