'कंट्री' म्हणजे देशभक्ती नव्हे, आणि 'कव्हर' म्हणजे मुखपृष्ठ नव्हे

विचारणा अशी आहे: जोन बाएझ या अमेरिकी गायिकेने १९६० सालच्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गायलेल्या 'वाइल्डवूड फ्लॉवर'चा उल्लेख एका मराठी लेखात 'लोकगायिकेने सादर केलेले अभिजात देशगीताचे मुखपृष्ठ' असा झाला आहे, तेव्हा 'कव्हर व्हर्जन'ला मराठीत 'मुखपृष्ठ' म्हणावे, 'आवरणगीत' म्हणावे की आणखी काही?

मुखपृष्ठ पुस्तकाला असते, गाण्याला नसते. 'आवरणगीत' हा शब्दही यंत्राने केलेल्या भाषांतरातून आलेला दिसतो, कारण मराठी बोलणाऱ्या माणसाला तो सुचणे कठीण आहे. 'कव्हर' हा मुळात अमेरिकी ध्वनिमुद्रिका-व्यापाऱ्यांचा शब्द आहे. एका कंपनीचे गाणे खपू लागले की दुसरी कंपनी तेच गाणे आपल्या गायकाकडून घाईने गाऊन घेत असे आणि पहिलीच्या गिऱ्हाइकांतला वाटा उचलत असे. १९५५ साली लाव्हर्न बेकर या गायिकेचे 'ट्वीडली डी' बाजारात असतानाच जॉर्जिया गिब्ज या दुसऱ्या गायिकेने तेच गायले, हे त्याचे ठळक उदाहरण. हा व्यवहार शक्य झाला तो तिथल्या १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्यामुळे, कारण एकदा मुद्रित झालेले गाणे दर प्रतीमागे दोन सेंट भरून कोणालाही पुन्हा मुद्रित करता येत असे. या मूळ अर्थाने पाहिले, तर कार्टर कुटुंब या अमेरिकी गायकमंडळाने १९२८ साली मुद्रित केलेले 'वाइल्डवूड फ्लॉवर' बाएझने बत्तीस वर्षांनी गाणे हे 'कव्हर' ठरतच नाही. आज मात्र शब्दाचा अर्थ पसरला आहे आणि दुसऱ्याचे गाणे गायले की त्याला 'कव्हर' म्हणतात. मराठीतही तो 'कव्हर' असाच रुळला आहे, आणि एरवी तसाच लिहिण्यात काही वावगे नाही. 'वाइल्डवूड फ्लॉवर'ला मात्र तो का शोभत नाही, ते शेवटी सांगतो.

मला खरा संताप येतो तो त्या वाक्यातल्या 'देशगीत' या शब्दाचा. 'कंट्री साँग', म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या खेड्यांत आणि डोंगरांत रुजलेल्या 'कंट्री म्युझिक' या संगीतप्रकारातले गाणे; त्याचे हे भाषांतर वारंवार वाचायला मिळते. काही ठिकाणी तर ते 'देशभक्तिपर गीत' असेही झालेले असते, आणि मग आपल्या केसांत फुले गुंफणाऱ्या, प्रियकराने टाकलेल्या एका मुलीचे हे गाणे वाचकाला राष्ट्रगीताच्या जातीचे वाटू लागते. 'कंट्री' या शब्दाला 'राष्ट्र' या अर्थाखेरीज 'मुलूख', 'रान', 'शहराबाहेरचा प्रदेश' हेही अर्थ आहेत, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. तो शब्द आला कुठून, हे पाहण्यात खरी मौज आहे.

लॅटिनमध्ये 'कोंट्रा' म्हणजे 'समोर, विरुद्ध'. त्यापासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'तेर्रा कोंट्राता' असा प्रयोग झाला. त्याचा अर्थ 'समोर पसरलेली भूमी', म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेपुढे असलेला मुलूख. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये 'कोंत्रे' झाले आणि इंग्रजीत 'कंट्री'. आपल्या वर्तमानपत्रांत रोज येणारा 'एन्काउंटर' हा शब्दही याच 'कोंट्रा'चा वंशज आहे. जर्मन भाषेनेही याच वाटेने 'गेगेन', म्हणजे 'समोर', यापासून 'गेगेन्ड', म्हणजे 'परिसर', असा शब्द घडवला.

आता आपला 'देश' पाहावा. तो 'दिश्' या धातूपासून आला आहे, आणि 'दिश्' म्हणजे दाखवणे, बोट करणे. 'दिशा', 'निर्देश', 'आदेश', 'उपदेश' ही सगळी त्याच घरची मंडळी आहेत. लॅटिनमधला 'बोलणे' या अर्थाचा 'दिकेरे' त्याच मूळ धातूचा, त्यामुळे 'देश' आणि 'डिक्शनरी' हे दूरचे भाऊबंद ठरतात. म्हणजे एका भाषेने नजरेसमोर जे आहे त्याला 'कंट्री' म्हटले, दुसरीने बोटाने जे दाखवता येते त्याला 'देश' म्हटले, आणि दोन्ही शब्दांच्या मुळाशी राष्ट्र नाही, सीमा नाही, झेंडाही नाही. आहे तो केवळ डोळ्यांपुढचा मुलूख. कोकणातला माणूस 'देशावर गेलो होतो' म्हणतो, तेव्हा तो परराष्ट्रात गेलेला नसतो. घाट चढून पठारावर गेलेला असतो. हा अर्थ मराठीत आजही जिवंत असताना 'कंट्री'साठी शब्द शोधत हिंडण्याचे कारणच काय?

म्हणून माझे ठाम मत असे की 'कंट्री म्युझिक'ला मराठीत 'देशी संगीत' म्हणावे. 'देशी' हा संगीतशास्त्रातलाच जुना शब्द आहे. मतंगाच्या 'बृहद्देशी' या प्राचीन संस्कृत संगीतग्रंथात त्याची व्याख्या दिली आहे: स्त्रिया, मुले, गुराखी आणि राजेसुद्धा आपापल्या प्रदेशात स्वेच्छेने आणि आवडीने जे गातात, ते देशी. व्हर्जिनियात क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या कार्टर कुटुंबाला ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. ए. पी. कार्टर डोंगरवस्त्यांतून गाणी गोळा करून आणत असे, त्याची पत्नी सारा गात असे आणि नात्यातली मेबेल गिटार वाजवत असे. मेबेलचा अंगठा जाड तारांवर चाल वाजवी आणि बोटे पातळ तारांवर ठेका धरीत, त्यामुळे एकाच गिटारीतून दोन वाद्ये ऐकल्याचा भास होई. राज्याच्या उत्पादन शुल्क खात्यानेही 'कंट्री लिकर'ला 'देशी दारू'च म्हटले आहे. म्हणजे 'कंट्री'चे हे भाषांतर सरकारदरबारीही मान्य झालेले आहे.

यावर काही अभ्यासकांचा आक्षेप असतो की 'देशी' म्हटल्याने वाचकाला ते भारतीय वाटेल, म्हणून 'ग्रामीण संगीत' किंवा 'ग्रामगीत' म्हणावे. हा आक्षेप मला मुळीच पटत नाही. 'अमेरिकी देशी संगीत' असे लिहिले की गैरसमजाला जागाच राहत नाही. उलट 'ग्रामीण' हा शब्दच चुकीचा आहे, कारण या संगीताची राजधानी नॅशव्हिल हे शहर आहे, तिथला 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ-कार्यक्रम १९२५ पासून चालू आहे, आणि या गाण्यांत शेताइतकेच रेल्वे, खाणी, तुरुंग आणि मालमोटारीही येतात. ज्यांनी ही गाणी ऐकलेली नाहीत, त्यांनी त्यांना नाव देण्याची घाई करू नये.

'लोकगायिका' या शब्दाबाबतही एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत लोकगायक म्हटले की परंपरेत जन्मलेला वाघ्या, गोंधळी किंवा शाहीर डोळ्यांपुढे येतो. बाएझ ही मेक्सिकोत जन्मलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञाची मुलगी, आणि ती प्रथम नावारूपाला आली ती मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या 'क्लब ४७' या कॉफीगृहात विद्यार्थ्यांपुढे गाऊन. तिला 'लोकगीतगायिका' म्हणणे अधिक काटेकोर होईल. शिवाय लोकगीत आणि देशी गाणे यांच्यातली भिंत तितकीशी जुनी नाही. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने १९४४ साली देशी गाण्यांची पहिली क्रमवारी काढली, तेव्हा तिच्या नावात 'फोक', म्हणजे 'लोक', हाच शब्द होता. 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव आले ते १९४९ मध्ये.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. 'वाइल्डवूड फ्लॉवर'च्या बाबतीत 'मूळ' कोणते, हेच ठरवणे अवघड आहे. हे गाणे ए. पी. कार्टरच्या नावावर मोडत असले, तरी त्याची चाल जोझेफ फिलब्रिक वेब्स्टर या संगीतकाराची आहे आणि ते १८६० साली वेगळ्याच नावाने छापले गेले होते. पुढे पूर्व अमेरिकेतील ॲपलाचियाच्या डोंगरांत ते तोंडोतोंडी फिरले आणि शब्द झिजत गेले. छापील गाण्यातली नायिका आपल्या केसांच्या 'रिंगलेट्स'मध्ये, म्हणजे कुरळ्या बटांमध्ये, फुले गुंफते. कार्टरांच्या गाण्यात त्या 'रिंगलेट्स'चे 'मिंगल्स' झाले आहेत, ज्याला नाम म्हणून काही अर्थ नाही, आणि नंतरच्या काही गायकांनी त्याचे क्रियापद करून अर्थ लावून घेतला आहे. छापील गाण्यात 'ॲरोनेटस' नावाचे एक फिकट फूल येते. त्या नावाचे फूल वनस्पतिशास्त्राला ठाऊक नाही, आणि कार्टरांच्या तोंडी त्याचे 'अँड द लीडर' झाले आहे. सारा हे शब्द इतक्या ठामपणे गाते की ऐकणाऱ्याला त्यात काही बिघडले आहे असे वाटतही नाही.

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत आपण हेच अनुभवतो. एका गावची ओवी दुसऱ्या गावी वेगळ्या शब्दांत भेटते, आणि कोणी तिला कोणाचे 'कव्हर' म्हणत नाही. अशा बदलाला मराठीत 'पाठभेद' हा नेमका शब्द आहे, आणि तो पोथ्यांच्या अभ्यासकांनी एकट्यासाठी राखून ठेवावा असे काही नाही. 'पठ्' म्हणजे मोठ्याने म्हणणे, त्यामुळे 'पाठ' हा शब्द आधी तोंडचा आहे आणि मग कागदावरचा. 'री ओढणे' आणि 'झील धरणे' हे पर्यायही काहींनी सुचवले आहेत, पण ते मुख्य गायकामागे सूर धरणाऱ्याचे काम सांगतात. एकटीने गिटार घेऊन गाणाऱ्या बाएझला ते लागू होत नाहीत.

तेव्हा त्या लेखातले वाक्य असे हवे होते: 'कार्टर कुटुंबाने रूढ केलेल्या अमेरिकी देशी गाण्याचा लोकगीतगायिका जोन बाएझ हिने गायलेला पाठ'. त्याच ध्वनिमुद्रिकेतील 'लिटल मोझेस' हे गाणेही कार्टरांकडूनच आलेले आहे, आणि त्यालाही हेच शब्द लागू करावेत.