सशाच्या अंगावरची गाठ दाबू नका

प्रश्न : चवथीला आमच्या सशाच्या खालच्या जबड्यावर बोराएवढी गाठ दिसली. आता ती आवळ्याएवढी झालीय. शेजारी म्हणतात, हळदीचा लेप लावा, पिकली की फुटेल. खाणं कमी झालंय. (वाचक, डिचोली)

फुटण्याची वाट पाहू नका, आणि दाबू तर मुळीच नका. मांजराचं गळू फुटून वाहून जातं, सशाचं तसं होत नाही. त्याचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो, भोवती जाड पिशवी असते. चीर दिली तरी तो वाहत नाही, बोथट चमच्याने खरवडून काढावा लागतो. म्हणून शक्य तिथे पिशवीसकट गाठ काढतात.

जबड्यावरच्या गळूचं मूळ बहुतेक वेळा दाढेत असतं. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. पाव, बिस्किटं, गाजरं यांवर वाढलेल्या सशाच्या दाढा वाढत राहतात, मुळं हाडात रुततात. डोक्याचा एक्स-रे काढल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका.

घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावतो. ऑपरेशनआधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं, कारण ससा ओकूच शकत नाही. बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर गाठ बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

प्रश्न : पाच वर्षांची मादी आहे, नसबंदी केलेली नाही. हनुवटीखाली मऊ घडी आहे आणि पोटावर, स्तनाशी, वाटाण्याएवढं टणक काहीतरी लागतं. (वाचक, मडगाव)

घडी नैसर्गिक आहे. पिल्लांच्या घरट्यासाठी मादी तिथले केस उपटते. पावसाळ्यात ती पाण्याच्या वाटीत भिजून ओली राहते, कातडी सोलवटते. तेवढी कोरडी ठेवा.

वाटाण्याची मात्र मला काळजी वाटते. चार वर्षांपुढच्या, नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो, आणि स्तनातली गाठ कधी कधी त्याच्या जोडीने येते. या आठवड्यातच तपासून घ्या, पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करायला सांगा. लघवी लालसर दिसली तर नमुना घेऊन जा. सशाची लघवी खाण्यातल्या रंगानेही लाल होते, ते रक्त आहे का हे तपासणीतच कळतं.

प्रश्न : शेपटीखाली सूज आहे, केस ओले, वास येतो. कुत्र्याचा गोचिडांचा स्प्रे मारू का? (वाचक, पेडणे)

नको! त्यात फिप्रोनिल असेल तर सशाला ते विष आहे. केस बाजूला सारून उजेडात पाहा. ओल्या, मळलेल्या जागी माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या कातडीत शिरतात. एकही अळी दिसली तर उद्यावर टाकू नका. ससा पाण्यात बुडवू नका, टॉवेलात गुंडाळून आजच दवाखान्यात न्या.